डाक्टर आप्पांची चौकट

आप्पांच्या समोर माणूस आला की ते आधी नमस्कार करीत नसत. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून एक चौकट करीत, एक डोळा मिटत आणि तिच्यातून त्या माणसाकडे बघत. माणूस चौकटीत नीट बसला तर बोलणं सुरू व्हायचं, नाहीतर "जरा मागं सरका" असा हुकूम सुटायचा. अनगोळात एका घरी ते समाचाराला गेले, तेव्हा रडणाऱ्या बाईला त्यांनी "वहिनी, तोंड उजेडाकडं करा" म्हटल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या घरच्या लोकांनी त्यांना बाहेर कसं काढलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मूळचा त्यांचा धंदा नाटकाचे पडदे रंगवण्याचा. राजवाडा, जंगल आणि रस्ता असे तीन पडदे त्यांना येत. चौथा त्यांनी कधी रंगवला नाही आणि ते तीनही एकमेकांसारखेच दिसत. नाटक कंपन्या बसल्या तसे आप्पाही बसले. मग तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका फिरत्या माणसाकडून त्यांनी हँडल फिरवायचा एक जुनाट कॅमेरा मिळवला आणि रात्रीतून डायरेक्टर झाले. मोठ्या शहरांत चित्रं बोलायला लागली होती. आप्पा मुकं चित्र काढायला निघाले. "बोलण्यात काय आहे?" ते म्हणायचे. "चित्राला चौकट लागते, चौकट!" आमच्या येळ्ळूरच्या लोकांना डायरेक्टर हा शब्द झेपला नाही. त्यांनी त्यांचं डाक्टर केलं. एका म्हातारीनं त्यांच्यापुढे जीभ काढून दाखवली, तर आप्पांनी तीसुद्धा चौकटीतून बघितली.

मी तेव्हा बेळगावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि येळ्ळुराहून रोज चालत जात होतो. वाटेत एकदा आप्पांनी मला चौकटीत धरलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझे हिरो." चार दिवस मी आरशापुढून हललो नाही. पाचव्या दिवशी उलगडा झाला. त्यांना पाहिजे होती ती आमच्या दावणीची पांढरीशुभ्र खिलारी जोडी. वडिलांना सरळ विचारायची छाती नव्हती, म्हणून मुलाला हिरो केलं होतं. शिवाय माझं अक्षर बरं होतं, तेव्हा चित्रात मधेमधे दाखवायच्या मजकुराच्या पाट्या लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मराठी ओळीखाली कानडी ओळ असायची. मराठी लोकांना आप्पांनी सांगितलं होतं की मराठी वर राहील आणि कानडी लोकांना सांगितलं होतं की कानडी वर राहील. शेवटी एक पाटी अशी, एक तशी, असं करून मी त्यांची अब्रू राखली. नायिका काही मिळाली नाही. मग "नायिका माहेरी गेली आहे" अशी एक पाटी मी लिहिली आणि तो प्रश्न मिटवला.

वडील बैल द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. त्यांचा धाकटा भाऊ जत्रेत फोटो काढून आला आणि महिन्याच्या आत प्लेगात गेला. तेव्हापासून फोटो म्हटलं की वडील पाठ फिरवायचे. आईची एकच हौस होती, यांचा एक फोटो घरात असावा. तिनं तसं म्हटलं की ते उठून गोठ्यात जायचे. आप्पांना त्यांनी सांगितलं, "बैल घ्या, गाडी घ्या. गाडी म्याच हाकनार. पर माझं त्वांड त्या डब्यात जायचं न्हाय."

"तुमचं तोंड घेऊन काय करू?" आप्पा म्हणाले. "मला बैलांची तोंडं पाहिजेत." असं बोलायला माणूस फार मोठा तरी असावा लागतो, नाहीतर फार येडा. तरी वडील हो म्हणाले आणि कामाच्या दिवशी मुंडाशाचा शेव नाकापर्यंत ओढून, कॅमेऱ्याकडे पाठ करून गाडीवर बसू लागले.

हँडल फिरवायला आप्पांनी अनगोळच्या भजनी मंडळातला तबलजी मारुती निवडला होता. हात तालात फिरला पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार, आणि तो विचार बरा होता हे मी कबूल करतो. मारुती मनातल्या मनात भजन म्हणत हँडल फिरवायचा. पण भजन रंगात आलं की त्याची लय वाढायची. कॅमेऱ्याचं हँडल घाईनं फिरलं की पडद्यावर माणसं सावकाश चालतात. पहिला तुकडा धुऊन आणला तेव्हा आमचे बैल पाण्यातून चालल्यासारखे दिसले. आप्पांनी मारुतीला शिव्या घातल्या आणि वर एक नियम केला. "मी हात खाली केल्याशिवाय हँडल थांबवायचं नाही. तोंडाचं ऐकायचं नाही, हाताचं बघायचं." स्वतःच्या हातावर त्यांचा फार विश्वास होता.

शेवटचा प्रसंग उरला तेव्हा कोरी फिल्मही शेवटचीच उरली होती. पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. प्रसंग असा, की दरोडेखोरानं मला गाडीच्या चाकाला बांधलं आहे, मी हिसडा मारून सुटतो आणि गाडी पळवतो. दरोडेखोर होता काकतीचा बसाप्पा. भला दांडगा पैलवान, स्वभावानं गाय. त्याला मराठी कामापुरती यायची आणि आप्पांना कानडी मुळीच यायची नाही. इतकी वर्षं बेळगावात काढून ती आली नाही, याचा त्यांना अभिमान वाटायचा.

बसाप्पानं मला बांधलं आणि तो बाजूला झाला. मी हिसडा मारणार एवढ्यात कुणाचंसं कुत्रं माझ्यासमोर येऊन बसलं. आप्पा ओरडले, "कट!"

आता कानडीत कट्ट म्हणजे बांध. बसाप्पा धावत आला आणि त्यानं दोर आणखी आवळला. आप्पा किंचाळले, "कट रे, कट!" बसाप्पानं माझे पाय बांधले. "अरे कट, कट, कट!" म्हणत आप्पांनी दोन्ही हात आभाळात फेकले आणि तिथंच ठेवले. हात खाली आले नाहीत, म्हणून मारुती थांबला नाही. समोरची गंमत बघून तो असा रंगला की दुप्पट लयीत हँडल फिरवायला लागला. बसाप्पानं स्वतःचं मुंडासं सोडलं आणि माझं तोंडही बांधून टाकलं.

तेवढ्यात माझ्या मागून, गाडीवरून, कुणीतरी मोठ्यानं हसलं. तसं हसणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मान वळवता येत नव्हती, पण गाडीवर दुसरं कोण असणार? वडील हसत होते. मला, माझ्या भावंडांना, कुणालाही वडील कधी हसलेले आठवत नव्हते. कोपऱ्यातल्या कोपऱ्यात ओठ हलले तर हलले, तेही गोठ्याकडे जाता जाता. आणि ते हसले तेव्हा मी चाकाला बांधलेला होतो.

फिल्म संपली तेव्हा डबा खटखट वाजला आणि आप्पांचे हात खाली आले. आता बसाप्पावर तुटून पडावं, तर तो पैलवान. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "कट्ट अंद्री, कट्टिदे! बांध म्हनलासा, बांधलो." मारुतीवर ओरडावं, तर नियम त्यांचाच. मग आप्पा वडिलांवर घसरले. "हा अडाणी म्हातारा खिदळला! यानं माझं चित्र घालवलं!" वीस माणसांच्या देखत बोलले. वडिलांच्या तोंडावरचा शेव सुटला होता, तो त्यांनी सारखा केला. खाली उतरून माझे दोर सोडले, बैल वळवले आणि मला गाडीत बसवलं. अर्धी वाट झाल्यावर म्हणाले, "डाक्टरचं औशीद वाया गेलं म्हनायचं." थोड्या वेळानं हळूच विचारलं, "माझं त्वांड आलं का रं त्यात?"

"नाही," मी म्हणालो. मला खरंच ठाऊक नव्हतं. मात्र आप्पांचं तोंड पुन्हा बघायचं नाही, हे मी त्या गाडीतच ठरवलं.

चित्र एकदाच दाखवलं गेलं, निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत. मी गेलो नाही, मारुतीनं सांगितलं. शेवटचा प्रसंग नव्हताच. त्याच्या जागी कुणाकडून तरी लिहून घेतलेली पाटी होती, "अशा रीतीने नायक बंधमुक्त झाला." एवढं वाचून लोक घरी गेले. तंबाखूच्या धुळीनं सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आप्पा दारात उभं राहून सांगत होते, "बघा, प्रेक्षक रडताहेत."

चार वर्षांनी वडील गेले. सुगीचे दिवस होते. खळ्यावरून आले, आडवे झाले आणि उठले नाहीत. आईला दुःख होतंच, पण तिचा एकच घोर होता. देवळीत फोटो नाही, कुंकवाचं बोट लावायला तोंड नाही. "डोळं मिटलं की मुंडासंच दिसतंय गं," ती शेजारणीला सांगायची. "खालचं त्वांड इसरून जानार मी." मला ते ऐकवत नसे.

तेरावं झाल्यावर एका दुपारी आप्पा दारात उभे राहिले. पांढरी झालेली दाढी, विटलेला कोट, काखेत एक पेटी. आणि पहिली गोष्ट काय केली? आईला चौकटीत धरलं. मी त्यांना हाताला धरून बाहेर काढणार होतो. तेवढ्यात त्यांनी पेटीतून तंबाखूचा एक पत्र्याचा डबा काढला.

"मास्तर, चित्र बांगड्यांत गेलं," ते म्हणाले. "जुनी फिल्म बांगडीवाले विकत घेतात. सगळी देऊन टाकली. ही वाया गेलेली तेवढी ठेवली."

"वाया गेलेली कशाला ठेवली?" मी तुसडेपणानं विचारलं.

त्यांनी जमिनीकडे बघत उत्तर दिलं. "आयुष्यात एकच चौकट बरोबर लागली, मास्तर. तीही मी लावलेली नव्हती."

मधल्या घराची दारं लावून अंधार केला. भिंतीवर वडिलांचंच धोतर ताणलं. पेटीत हातानं फिरवायचं यंत्र होतं, त्यात दिवा पेटवून आप्पांनी हँडल धरलं. आधी कुत्रं आलं. मग मी, बसाप्पा, दोर. आणि माझ्या डोक्यावर, गाडीत बसलेले वडील वळले. शेव गळून पडला आणि ते हसायला लागले. मारुतीनं घाई केली होती म्हणून ते सावकाश हसत होते. आधी डोळे बारीक झाले, मग गालाला खळी पडली, मग दात दिसले, मग मान मागे गेली. माझ्या वडिलांच्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं. ते माझ्याकडे बघून हसत होते. मी रडलो, त्याची मला लाज नाही.

आई पुढे सरकत सरकत धोतराशी गेली. तिनं हात लावला तर वडील तिच्या हातावर हसायला लागले. "असंच," ती म्हणाली, "लगीन झालं तवा असंच हसायचे. आन् एकदा फिरवा."

"आई, जरा डावीकडं सरा," अंधारातून आप्पा म्हणाले. "चौकटीत येताय."

या माणसाला सुधारणं कुणाच्या हातात नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी पितृपक्षात वडिलांच्या म्हाळाला आप्पा निपाणीहून यायचे. वडे कमी खमंग झालेत म्हणून सांगायचे आणि आठ खायचे. मला अजूनही हिरोच म्हणायचे, त्यामुळे माझ्या बायकोला हसू आवरत नसे. जेवण झालं की दारं लावून हँडल फिरवायचे. त्यात मात्र त्यांनी कधी घाई केली नाही. आई त्यांना "त्ये येडं" म्हणायची आणि वाढताना पहिलं पान त्यांचं मांडायची. पुढेपुढे मोटारीच्या प्रवासात पेटीचं ओझं झेपेना, तेव्हा यंत्र आमच्याच माळ्यावर ठेवून ते रिकाम्या हातांनी येऊ लागले.

स्वराज्य आलं त्या वर्षी आप्पा निपाणीत वारले. मला पत्रानं कळलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, तिला मी सांगितलं नाही. म्हाळाच्या दुपारी दारं लावली, धोतर ताणलं आणि मीच हँडल धरलं. सावकाश फिरवायचं म्हटलं तरी हात घाईच करत होता. वडील भराभर वळले, फसकन हसले आणि संपले.

आईनं मान उचलली. "तुझ्या हातानं लई घाईत हसत्यात रं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्या येड्याला बोलीव."

"बोलावतो," मी म्हणालो आणि दारं उघडली.