सातव्या नावाची जागा

"माझ्या आजोबांनी या देशाचं नाव रंगवलंय," असं ईश्वरी वर्गात बोलून बसली आणि सगळा वर्ग हसला. नॅशनल डेच्या प्रदर्शनात ते मांडायचं तर बाईंना पुरावा हवा होता, तोही उद्यापर्यंत.

रामचंद्र पारकरांना नातीची ही अडचण कळली तेव्हा ते दुबईतल्या ऊद मेथाच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसत होते. पान तसंच सोडून ते उठले. "सुजीत, गाडी काढ. देराला!"

"बाबा, पन्नास वर्षांपूर्वीचा बोर्ड कुठला राहतोय?" मुलगा म्हणाला.

"अरे, वर प्लॅस्टिक चढवलंय, खाली पत्रा माझाच आहे. दुकान रिकामं करतायत, आज-उद्यात भंगारात जाईल. यल्ला!"

देवगडला गलबतांवर नावं रंगवणारा हा माणूस एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दुबईला उतरला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. अरबी ओ की ठो कळत नव्हतं. कुणी कागदावर लिहून दिलं की चित्रासारखं पत्र्यावर उतरवायचा. डिसेंबरात सहा अमिराती एक झाल्या, नवा देश जन्माला आला. देरातल्या एका मालवाहतूकवाल्या शेठला हुरूप चढला, बोर्डावर सहाही नावं पाहिजेत म्हणाला. रामचंद्रांनी सहा ओळी ठसठशीत बसवल्या आणि तळाशी उरलेल्या पट्टीत झोकात सही ठोकली. अन् फेब्रुवारीत रास अल खैमा, सातवी, सामील झाली!

तिघं देराला पोचले तेव्हा बोर्ड खाली उतरलाच होता. फैज नावाचा पेशावरचा कामगार तो पिकअपमध्ये टाकायच्या बेतात होता.

"रुको भाई, रुको!" रामचंद्र गाडी थांबायच्या आत दार उघडून धावले. "थिनर है क्या?"

"बाबा, हळू!" सुजीत मागून ओरडला, पण ऐकतंय कोण? प्लॅस्टिक टराटरा फाडून रामचंद्र फडक्याने पत्रा घासायला लागले. काजळी सुटली, निळा रंग वर आला, त्यावर पांढरी अक्षरं.

"फोर... फाइव्ह... सिक्स..." ईश्वरी नाचायला लागली. "आजोबा, सेव्हन! पण व्हेअर इज युअर नेम?"

रामचंद्रांचा हात थांबला. सही नव्हती. आणि त्यांना आठवलं, सातवं नाव बसवायला तळाची तेवढीच पट्टी होती. स्वतःच्या नावावर त्यांनी स्वतःच निळा रंग फिरवला होता.

"मग देशाला कुठे बसवणार होतो?" ते ओशाळून म्हणाले.

"देन नोबडी विल बिलीव्ह मी," ईश्वरीचा चेहरा उतरला.

फैज मात्र वाकून बघत होता. "चाचा, ये लिखा किसने? नुक़्ते तो देखो, बिलकुल गोल! हमारे यहाँ तिरछे, चौकोर होते हैं।"

"गोलच असणार!" रामचंद्र ताडकन उभे राहिले. "ते माझे अनुस्वार आहेत! मला दुसरा ठिपका येतच नव्हता. अरे, ब्रश दो, ब्रश!"

फैजने काळ्या रंगाचा डबा आणि प्लायवूडचा तुकडा पुढे केला. रामचंद्रांनी ब्रश टेकवला तो डाव्या बाजूला.

"उल्टा, हबीबी, उल्टा!" फैज हसत सुटला. "आख़िर से शुरू कर रहे हो!"

"मैं ऐसाच लिखता था. अरब लोग भी हसते थे!"

आधी दोन गरगरीत ठिपके, मग त्यांच्या खालचं वळण, मग पुढचं. अक्षरं शेपटीकडून तोंडाकडे सरकत निघाली. शेजारच्या दुकानांतली माणसं जमली. ईश्वरीने मोबाइल उंच धरला. शेवटचा फटकारा उजवीकडे संपला आणि फैजने तो तुकडा उचलून बोर्डाच्या सातव्या ओळीखाली धरला. ठिपक्याला ठिपका, वळणाला वळण!

"वल्लाह, यही हाथ है!" तो ओरडला आणि जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या.

"आजोबा, अगेन! मी हसत होते, व्हिडिओ शेकी आलाय!"

पण रामचंद्र कधीच प्लायवूड उलटं करून उरलेल्या सहांपैकी पुढच्या नावाला लागले होते.