खोटी हाळी

गुरुजींनी मला टेबलावर उभं केलं. शाळा बघायला पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांना मी नीट दिसावं म्हणून. माझा परकर गुडघ्याजवळ फाटला होता. तो मुठीत धरून मी उभी.

"ही धनगराची," गुरुजी पाहुण्यांना म्हणाले. "आवाज बघा हिचा. दे गं, तुमची ती मेंढरांची हाळी दे."

मी दिली.

आम्ही आटपाडीकडचे. दिवाळीनंतर तिकडचा माळ वाळला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं. उंब्रजच्या आसपासचे बागाईतदार खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. मुक्काम पडेल तिथल्या शाळेत मी जाऊन बसायचे. माझं नाव हजेरीत नसायचं, जागा चपलांजवळ असायची. त्या वर्षी आमचा मुक्काम शाळेच्या शेजारच्याच रानात होता.

हाळी म्हणजे मेंढरांना बोलवायची हाक. प्रत्येक घराची वेगळी. आमची आजीकडून आईला आणि आईकडून मला आलेली. उंच, सरळ, कुठंही न हलणारी. ती कशी असते ते मी इथं लिहिणार नाही.

हाळी ऐकली आणि मेंढरं आली. सगळी आली. कुंपण ओलांडून, पाहुण्यांसाठी काढलेली रांगोळी तुडवत, झेंडूच्या कुंड्या पाडत थेट व्हरांड्यात. पाहुणे आधी पोट धरून हसले. एकानं फोटो काढला. मग कुणाच्या तरी पॅन्टला घाण लागली आणि हसू थांबलं.

मागून आबा धावत आले. माझे वडील. लेकीला काय झालं म्हणून धापा टाकत आलेले. गुरुजी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले, "अक्कल आहे का? जनावरांत राहून जनावरं झालात तुम्ही."

"आवं गुर्जी, चुकलं," आबा म्हणाले. "पोर हाय."

गुरुजींनीच हाळी द्यायला लावली, हे आबा बोलले नाहीत. त्यांना ते माहीतच नव्हतं. माहीत असलेलं कुणी बोललं नाही. मीही नाही. आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि व्हरांड्यातल्या लेंड्या त्यानं पुसल्या. आमच्यात घोंगडं अंथरून त्यावर भंडारा वाहतात, बिरोबाच्या ओव्या म्हणतात. त्याच घोंगड्यानं. मी टेबलावरून बघत होते. मला कुणी खाली उतर म्हणालं नाही.

संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी लावताना मी सगळं सांगितलं. आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "खोटी हाळी दिऊ नगंस, बाय. काय तरी हाय म्हनून ती येत्यात. आन् हितं तर कायच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी खरंच बोलावलं. थोरल्या मेंढीनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ती आली नाही. टेबलावर झाली नव्हती एवढी शरम मला तिच्यापुढं वाटली.

तेव्हापासून माझा आवाज गेला. म्हणजे होता, पण मी तो वापरेना. पुढं सांगलीला वसतिगृहात राहिले. तिथंही लांबून कुणी हाक मारली तर मी ओ देत नसे, चालत जवळ जाई. पोरी मला मुकी म्हणायच्या. मला ते बरं वाटायचं.

कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई मिरजेच्या चर्चमध्ये गाणं बसवायच्या. मी वसतिगृहाच्या नळावर कपडे धुताना गुणगुणत होते, ते त्यांनी ऐकलं. मला ऑर्गनशेजारी उभं केलं. टेबलावर नव्हे, जमिनीवर. म्हणाल्या, "आवाज थरथरवायचा नाही. तुझा सरळ जातो, तसाच जाऊ दे."

त्यांच्याकडं होतं ते युरोपातलं तीनचारशे वर्षांपूर्वीचं, लॅटिन भाषेतलं गाणं. मोठी नाट्यगृहं यायच्या आधीचं, छोट्या दालनातलं, माईकशिवायचं. बाईच्या सगळ्यात वरच्या पट्टीतल्या आवाजाला सोप्रानो म्हणतात, हे मला त्यांनी सांगितलं. तुझा तो आहे, म्हणाल्या. पुढं शिष्यवृत्ती मिळाली, हॉलंडला जाऊन शिकले. आज तेच गाणं गाऊन माझं पोट भरतं. माझा सूर स्वच्छ आहे, असं तिकडचे लोक म्हणतात. कुठं शिकलात, विचारतात. मी कॉलेजचं नाव सांगते. घरचं विचारलं की सांगायचे, "वडील शेती करतात." आमच्या नावावर चार सऱ्यासुद्धा नाहीत. तरी सांगायचे, चेहरा न हलवता.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याच्या एका संस्थेनं सत्कार ठरवला. मी कळवलं, सत्कार नको, मला तासभर गाऊ द्या. आपल्या मुलखात मी हे गाणं कधीच गायले नव्हते. आबांनी तर ते कधीच ऐकलं नव्हतं. फोनवर म्हणाले, "बगू तरी, काय म्हनतीस ती." नवा पटका बांधून, एसटी बदलत ते साताऱ्याला आले. मी पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची धरायला सांगितली होती.

साथीला माझी मैत्रीण गोव्याहून हार्पसिकॉर्ड घेऊन आली. पियानोच्या आधीचं वाद्य, बारीक तारांचं. टेम्पोत गादीवर निजवून आणलेलं. वारा लागला तरी सुरातून उतरतं, म्हणून पंखे बंद ठेवायला सांगितले, तेव्हाच कुजबुज सुरू झाली.

मी मंचावर आले. पहिल्या रांगेत आबा नव्हते. शोधलं, तर शेवटच्या रांगेत दाराशी. पहिली रांग पाहुण्यांची म्हणून स्वयंसेवकानं त्यांना उठवलं होतं. आणि ते उठले होते. काही न बोलता उठले असणार, मला माहीत आहे.

संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर नवंकोरं घोंगडं टाकलं. हातात काठी दिली. फोटो झाले. मग माईकवर म्हणाले, "आमची ही लेक मेंढरं हाकत हाकत परदेशात पोचली. लोकांना तुमचं ते लॅटिन काय कळणार? आधी मेंढरांची हाळी होऊन जाऊ द्या. मग म्हणा काय म्हणायचं ते."

टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझा हात आपोआप खाली गेला आणि साडी मुठीत आली. गुडघ्याजवळची. मी जगभर गाऊन आलेली बाई, फाटका परकर झाकायला लागले. लाज वाटली. त्या लाजेचीही लाज वाटली.

आबांकडं बघितलं. ते खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते.

"देणार नाही," मी म्हणाले.

"अहो, गंमत आहे," अध्यक्ष हसले. "एकदाच."

"इथं मेंढरं नाहीत. मी खोटी हाळी देत नाही."

"एवढा सन्मान केला, त्याची ही किंमत?" हे त्यांनी माईक बाजूला करून, हळू विचारलं. मग तुमचा कार्यक्रमही नको, म्हणाले. आभार मानून टाकले. लोक उठले. कुणीतरी सगळे पंखे लावले. मैत्रिणीनं एक पट्टी दाबून बघितली, सूर उतरला होता. तिनं झाकण लावलं. मी घोंगड्याची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली, काठी तिला टेकवली आणि उतरले.

स्टँडवर आबांनी चहा घेतला. माझं गाणं त्यांनी ऐकलंच नाही, याचं मला रडू येत होतं.

"मी उठायच्या बेतात हुतो," ते म्हणाले.

"कशाला, आबा?"

"तू हाळी दिली असतीस, तर कुनी तरी यायला नगं? मी आलो असतो वर. लोक हसलं असतं तर हसू दी. तुजी हाळी खोटी पडाय नगं."

त्या भरल्या सभागृहातून माझा बाप मेंढरू होऊन चालत येणार होता. माझ्यासाठी. आणि मी वर्षानुवर्षं त्यांना शेतकरी करून ठेवलं होतं, कारण धनगर म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मला शरम वाटली. अजून वाटते. ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

आता मी तेच सभागृह स्वतः भाड्यानं घेतलं आहे. जाहिरातीत माझ्या नावाखाली छापलं आहे, धनगराची मुलगी, सोप्रानो. पहिल्या रांगेत मधोमध आबा बसतील. त्यांना कुणी उठवलं तर मी गाणारच नाही. पंखे बंद राहतील. लॅटिनच गाईन, कळो न कळो. हाळी मागणाऱ्याला तिथल्या तिथं बाहेर काढीन, तो अध्यक्ष असला तरी. ज्याला ती ऐकायचीच असेल त्यानं दिवाळीनंतर आटपाडीला यावं, आमच्या मेंढरांमागं उंब्रजपर्यंत पायी चालावं, आणि रानात शेवटचं मेंढरू आत येईस्तोवर गप्प उभं राहावं.