पीटरच्या बाजूचा पाटा

आमचं डिटॅचमेंट तेव्हा लडाखमध्ये होतं. मी हवालदार मेकॅनिक, डोंबिवलीचा. थंडी अशी, की शिवी दिली तर ती गोठून आपल्याच बुटावर पडायची. ड्रायव्हर होता नायक पीटर, उत्तनच्या कोळीवाड्यातला. त्याला पाहून हत्तीसुद्धा सावधानमध्ये उभा राहिला असता. तो चढला की चाकावरची कमान, म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, दबायची आणि ट्रक उजवीकडे बसायचा.

"उस्ताद, गाडीला माझी सवय झालीय."

"गाडीला सोड, कमानीला विचार."

एका सकाळी रेडिओ वाजला. "दो पेशंट. साँस नहीं ले पा रहे. गाड़ी भेजो. ओवर."

चौकी नाल्यापलीकडे. हवा खराब, हेलिकॉप्टर बंद. नाल्यात नवे धोंडे वाहून आलेले, आमच्या ट्रकचं पोट त्यांवर टेकत होतं. सुटे भाग मागवायला वेळ नव्हता.

वर्कशॉपमागे एक भंगार ट्रक पडलेला. त्याच्या कमानी खोलल्या. त्यातला एकेक पाटा आमच्या चारही कमानींत घातला, लांब यू-बोल्टने आवळला. ट्रक वर आला. लोकांना मी हातभर सांगतो. चार बोटं आला होता. पण पीटर बसला आणि उजवी बाजू पुन्हा खाली.

"उतरू का?"

"मग चालवणार कोण? बोंबील?"

त्याला सीटवर बसवूनच माप घेतलं आणि उजवीकडे आणखी एकेक पाटा चढवला. ट्रक सरळ झाला.

नाला पार झाला. दोन्ही पेशंट मागे घेतले, मी त्यांच्याजवळ बसलो. परतताना नाला ओलांडला आणि मागच्या जोडचाकांत धोंडा अडकला. पीटर पहार घेऊन उतरला.

"उस्ताद, मोकळा!"

तेवढ्यात वरून दरड आली. ट्रकला ओरखडासुद्धा नाही.

मी हातांनी दगड उपसले. तो गेला होता. त्याला एकट्याने ट्रकमध्ये कसं चढवलं, हे मला सांगता येत नाही. एरवी कुठलीही गोष्ट मी दुप्पट करून सांगतो.

स्टिअरिंगवर मी बसलो. माझं वजन ते किती! ट्रक डावीकडे कलला. कॅम्पपर्यंत तसाच कललेला आणला. पेशंट वाचले. सुभेदार साहेबांनी ट्रककडे पाहिलं. जास्तीचे पाटे काढायचा हुकूम कुणी दिलाच नाही.

आता कल्याण-शीळ रोडवर माझं गॅरेज आहे. स्वस्तात गाडी उंच करायला लोक येतात. ड्रायव्हर सीटवर बसल्याशिवाय मी टेप काढत नाही.

परवा पीटरचा धाकटा भाऊ आंतोन मासळीचा पिकअप घेऊन आला. भावाचं ऐकून तोही मला उस्तादच म्हणतो.

"उस्ताद, जरा लेव्हल करून द्या."

"बस आधी."

तो बसला. मी चाकाशी वाकलो, टेप लावली. मग वाकलेलाच राहिलो.

"काय झालं, उस्ताद? किती बसली?"

"पीटरएवढी," मी म्हणालो.