चौकशीमामी आणि रुपयाचं बटण

आमच्या चौकशीमामीइतकं भित्रं माणूस सोलापूर जिल्ह्यात झालं नाही, आणि तिच्याइतके प्रश्न विचारणारं अख्ख्या महाराष्ट्रात होणार नाही. कुर्डुवाडी जंक्शनवर गाडी समोर उभी, गाडीवर पाटी, पाटीवर ठळक अक्षरात पुणे, तरी मामी तिकीट खिडकी, हमाल, चहावाला आणि शेवटी खुद्द इंजिनाच्या ड्रायव्हरला विचारून यायची, "पुण्यालाच जाती न्हवं ही?" एकदा ड्रायव्हरलाच शंका आली आणि तो खाली उतरून पाटी वाचून आला. लोकांना हे खरं वाटत नाही. न वाटो.

ती लिफ्टला भ्यायची, कुकरला भ्यायची, मोबाईल चार्जिंगला लावला की खोलीबाहेर जाऊन बसायची. मी चिडवलं की म्हणायची, "भ्या वाटलं की इचारायचं, सदा. इचारलं की भ्या निम्मं होतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते घिऊन झोपायचं की!"

मामा गेल्यावर ती मोडनिंबला एकटीच राहायची. एकुलता एक विनू सोलापुरी टॉवेल हॉटेलांना विकायला थायलंडला गेला होता. एका सकाळी त्याच्या मित्राचा फोन आला. विनूला ट्रकनं उडवलं होतं. जीव वाचला होता, पण उजवा पाय चिरडला होता आणि जखम चिघळत चालली होती. उद्या संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं नाही, तर पाय मांडीपासून काढावा लागणार होता. आणि दवाखाना आगाऊ रक्कम भरल्याशिवाय ऑपरेशनला हात लावणार नव्हता.

विनूनं हट्टानं आम्हा दोघांचे पासपोर्ट आधीच काढायला लावले होते, म्हणून मी लगेच तिकिटं काढली. मुंबईला जायची गाडी दारात आणली. मामी गाडीत बसली आणि म्हणाली, "आदी सोलापुरात सात रस्त्याच्या बँकेत घे."

बँकेत तिनं काउंटरवरच्या मुलीसमोर जी खुर्ची धरली, ती दोन तास सोडली नाही. कार्ड परदेशात चालू करून घेतलं, मर्यादा वाढवून घेतली, आणि मग प्रश्नांचा पट्टा सुरू. शेवटी ती मुलगी म्हणाली, "मावशी, तिथलं मशीन विचारेल, रुपयात घेऊ का त्यांच्या पैशात? तुम्ही त्यांचेच पैसे, म्हणजे बाट, दाबा. रुपये दाबले, तर ते त्यांच्या मनाचा भाव लावतात."

"आन् तुमी काय कापता?"

"आमचा चार्ज वेगळा."

"किती? आकडा लिहून दे."

माझ्या डोक्यात वणवा पेटला होता. पोरगं तिकडं पाय गमावतंय आणि ही बाई चार्जेसचा अभ्यास करतेय! दगड आहे, असं मी मनात म्हणालो. मनात म्हणजे, रांगेतल्या आठ जणांना ऐकू गेलं इतपत. मुलीनं आकडा लिहिलेला कागद मामीनं मागून घेतला. कागदाची घडी घालून ती तिनं ब्लाउजमध्ये ठेवली.

विमानात तिनं तो कागद मला तीनदा वाचून दाखवायला काढला. मी तिन्ही वेळा म्हणालो, "मामी, मला शिकवता का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोचलो. विनू शुद्धीत नव्हता. त्याचा पाय मी एकदाच पाहिला आणि काउंटर गाठेपर्यंत मागं वळलो नाही. काउंटरवरच्या बाईनं रक्कम सांगितली, मशीन माझ्यापुढं सरकवलं, आणि पडद्यावर दोन चौकोन उमटले. एकात तिथली परकी खूण. दुसऱ्यात आपला रुपया.

आता काय सांगू तुम्हाला! त्या परक्या मुलखात, त्या औषधांच्या वासात, तो रुपया दिसला आणि सात रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. पुढचा आकडा मी वाचलाच नाही. दाबलं.

मशीन करकरलं. बाईनं मान हलवली. खात्यात पैसे कमी पडत होते.

"आसं कसं?" मामीनं माझ्याकडं पाहिलं. "काय दाबलंस?"

"रुपये."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुज्या मामाची सगळी पेन्शन त्यात हाय, सदा. बँकेचा चार्ज धरून वर चार हजार उरत्यात. त्येंच्या भावानं कसं बसंल?"

काउंटरवरच्या बाईनं इंग्रजीत बजावलं, पुन्हा चुकलं तर कार्ड अडकू शकतं. घड्याळात चार वाजले होते. डॉक्टर दाराशी येऊन उभे होते. बाईनं मशीन पुन्हा चालू केलं आणि आमच्यावर दया येऊन स्वतःच रुपयाकडं बोट नेलं. तेवढ्यात मामीनं मशीनवर पंजा ठेवला.

"नो रुपी! बाट! बाट!"

कुकरला भिणारी ती बाई. तिनं कागद काढून काउंटरवर पसरला आणि परक्या खुणेच्या चौकोनावर स्वतःचं बोट टेकवलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. किती वेळ? माझ्या हिशेबानं दीड वर्ष. मामीनं माझा दंड धरला होता आणि ती एकसारखी विचारत होती, "जात्यात न्हवं पैसे? जात्यात न्हवं?" दगड म्हणालो होतो मी तिला.

मशीनमधून कागद बाहेर आला. डॉक्टर वळले आणि धावतच आत गेले.

मामी जाऊन आता दोन वर्षं होतील. परवा मोडनिंबला गेलो, तर विनू हमरस्त्याच्या पलीकडं दुकानाच्या पायरीवर बसलेला. मला पाहून उठला. मी गाडीतून उतरलो, पण पुढं गेलो नाही. तिथंच उभा राहिलो. किंचित लंगडत, दोन्ही पायांवर, अख्खा रस्ता ओलांडून त्याला माझ्यापर्यंत चालत येऊ दिलं.