प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव

सकाळचा चहा गाळून होतोय तोच दार वाजलं. कारखान्याचे मॅनेजर हातात धातूची चकती घेऊन उभे होते. बावीस वर्षं तिथल्या मशीनचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मास्तरांना सहा महिन्यांपूर्वी याच मॅनेजरांनी घरी बसवलं होतं.

"बरा पत्ता सापडला!" आतून बायकोने टोला हाणला.

मॅनेजर ओशाळले. "मास्तर, तुमचाच प्रोग्रॅम चालवतोय, पण मधोमध डाग पडतोय. दहा चकत्या वाया गेल्या."

मास्तरांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "चकती धरणारं टेबल फिरतं, कटर मध्याकडे सरकतो. मध्याजवळ टेबलाला एकदम गरकन फिरावं लागतं आणि हिसका बसतो. म्हणून तिथे मी वेग कमी केला होता. ती ओळ कुणी काढली?"

"मालकांच्या भाच्याने. वेळ वाचेल म्हणून."

मॅनेजरांनी प्रोग्रॅमचा कागद पुढे केला. पहिल्या ओळीत, लिहिणाऱ्याच्या जागी, भाच्याचं नाव होतं.

"आणि माझं नाव काढून किती वेळ वाचला?"

मास्तरांनी पेन उघडून गाळलेली ओळ कागदावर जिथल्या तिथे लिहिली.

"हे घ्या. फक्त वर माझं नाव परत घाला," ते म्हणाले.