बुधवारची गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. जवळच्या मैत्रिणींना नाही, डॉक्टरांना नाही, बाबांच्या फोटोसमोर उभं राहून मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथे तर नाहीच. तीन वर्षं झाली. आणि हे सांगून माझं मन हलकं होईल असंही नाही. ते हलकं व्हावं असं मी काही केलेलंच नाही.

गाडीपासूनच सुरू करते.

पार्ल्याला आमची जुनी बिल्डिंग पाडून नवीन टॉवर झाला, आई गेली, आणि त्याच वर्षी मी ती मोठी गाडी घेतली. लग्न मी केलं नाही. घरात मी आणि बाबा, दोघंच. मग एवढी गाडी कशाला, असं बाबांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यांसाठी. ते खोटं नव्हतं — पण खरंही नव्हतं. मला ती हवी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला स्क्रीन, सोळा स्पीकर, मागे घेताना गाडी वरून दिसावी अशी चारी बाजूंची चित्रं. ड्रायव्हरला झोप येतेय असं वाटलं तर गाडी कॉफीचा कप दाखवायची. रस्ता सांगणाऱ्या आवाजाला बाबा 'तुझी बाई' म्हणायचे. "तुझी बाई आज गप्प का गो?"

आमचे बाबा मालवणचे. गिरणीत फिटर होते, गिरणी बंद झाल्यावर मिळेल ते काम केलं, आणि मला शिकवलं. हे आत्ता सांगायची गरज होती का? होती. कारण ज्या माणसाशी मी अशी वागले, तो कोण होता ते तुम्हाला कळलं पाहिजे.

विलास आमचा ड्रायव्हर. घाटकोपरला डोंगरावर राहायचा, माझ्याच वयाचा. बाबांना रिक्षात वाकून बसता यायचं नाही. या गाडीचं दार उघडलं की खालून पायरी बाहेर यायची, तिच्यावर पाय ठेवून, विलासचा हात धरून ते चढायचे. दर बुधवारी विलास त्यांना अंधेरीला फिजिओथेरपीला न्यायचा. मी ऑफिसात. यायला उशीर झाला की बाबा सांगायचे, गर्दी होती.

एका गुरुवारी मी गाडीत बसले आणि मला सुकटीचा वास आला. पुसट. पण आला. मी विलासला काही विचारलं नाही. फोन काढला. त्या गाडीचं अॅप आहे — गाडी कुठे गेली, किती वेळ थांबली, सगळं नकाशावर निळ्या रेघेनं दिसतं. मी आधी कधी उघडलंच नव्हतं. बुधवार बघितला. अंधेरीला अर्धा तास. मग वेसावे. कोळीवाड्याच्या तोंडाशी दीड तास. त्याच्या आधीचा बुधवारही तसाच. त्याच्या आधीचाही.

इथे मी थांबू शकले असते. बाबांना विचारायचं — बाबा, वेसाव्याला काय असतं? एवढंच. पण आमच्या घरात आई गेल्यापासून कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

गाडीत कॅमेरा आहे. समोरचा सगळ्यांना माहीत असतो. आतला — जो आवाजही घेतो — तो आहे हे मी विलासलाही सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. शनिवारी सकाळी मी एकटी खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले, दार लावलं, आणि बुधवारचं रेकॉर्डिंग त्या मोठ्या स्क्रीनवर लावलं.

बाबा पुढच्या सीटवर होते. विलास 'चहा घेऊन येतो' म्हणून उतरला. एसी चालू. मग मागचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाई आत येऊन बसली. मी लगेच ओळखलं. मालतीबाई. पार्ल्याच्या बाजारात तीस वर्षं माझ्या आईला मासे विकणारी कोळीण. पाय अधू झाल्यापासून तिचं बाजारात येणं बंद झालं होतं. बाबांना गल्लीत चालवत नव्हतं, म्हणून ती काठी टेकत गाडीपर्यंत यायची. माझ्या गाडीत, थंड हवेत, दोन म्हातारी माणसं बसून गप्पा मारायची. बस. एवढंच होतं ते.

काय बोलत होती? माझ्या आईबद्दल बोलत होती.

"पापलेटाचं कल्लं उघरून बघल्याशिवाय कधी घेतलं नाय तिनं," मालतीबाई म्हणत होती. "तीस वरसं! माज्यावर इस्वास नाय!" आणि बाबा हसत होते. खदखदून. माझे बाबा असे हसतात हे मी विसरले होते. सोळा स्पीकरमधून त्यांचं हसणं माझ्या चारी बाजूंनी येत होतं.

मग ते हसायचे थांबले. आणि म्हणाले, "घरात तिचं नाव काढलं की नंदा उठून जाते. मग मी काढतच नाही."

खरं होतं. मी उठून जायचे.

आणि मग बाबा रडले. आईच्या वेळी स्मशानात ते रडले नव्हते. मला वाटलं होतं, ते तसेच आहेत, घट्ट. इथे ते चष्मा काढून, गळ्यातल्या रुमालात तोंड घालून रडत होते, आणि ती बाई मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर थोपटत होती.

आता खरं सांगायचं ते इथे आहे. हे बघून मला रडू आलं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं, यायला हवं होतं. मला राग आला. माझ्याच गाडीत — हो, हेच शब्द मनात आले — माझ्याच गाडीत बसून ते दुसऱ्या कुणापुढे रडतात? माझ्यापुढे नाही? आणि त्याच्याही खाली आणखी घाण काहीतरी होतं. टॉवरमधल्या कुणी बघितलं तर? कोळीवाड्याच्या तोंडाशी आपली गाडी, आत बाबा आणि मासेवाली? मला लाज वाटली. त्यांची. गिरणीतल्या फिटरच्या मुलीला.

सोमवारी सकाळी मी विलासला वर बोलावलं आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे? दर बुधवारी दीड तास गाडी वेसाव्याला? कुणाचं भाडं मारतोस?"

मला सगळं माहीत होतं. विचारताना माहीत होतं.

विलासनं नकाशा बघितला. मग बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग खाली. "चुकलं मॅडम," म्हणाला.

बाबांनी त्याला कुणाला सांगू नको म्हटलं असणार, आणि त्यानं शब्द पाळला. मी वाट बघत होते का, की त्यानं खरं सांगावं? नाही. त्यानं गप्प बसावं अशीच माझी इच्छा होती. म्हणजे मला बाबांशी बोलावं लागणार नव्हतं.

पण बाबा बाहेर आले. भिंतीला धरून धरून. "अगो, त्याची चूक नाय. मीच त्याका नेत होतंय —" घाबरले की ते मालवणीवर यायचे. "जरा समुद्राची हवा खायला."

आणि मी म्हटलं, "बाबा, तुम्ही उगाच त्याला पाठीशी घालू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही. पण त्यांना कळलं. मला माहीत आहे हे त्यांना कळलं — आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. ते वळले आणि आत गेले. विलासनं किल्ली टेबलावर ठेवली.

त्याच दिवशी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: आमच्या ड्रायव्हरला काढलं आहे, गाडी परस्पर वापरत होता, सांभाळून राहा. विलास रविवारी आमच्याच टॉवरमधल्या दोन घरांची गाडी चालवायचा. तीही कामं गेली. एवढं लिहायची काय गरज होती? मी खोटी पडू नये म्हणून. दुसरं कारण नाही.

बाबांसाठी फिजिओथेरपीवाली घरी यायला लागली. सगळे म्हणाले, किती काळजी घेते मुलगी. मी नवा ड्रायव्हर ठेवला नाही, स्वतःच चालवायला लागले. बाबांना दोनतीनदा विचारलं, कुठे जायचंय का? "नको," म्हणायचे. त्या गाडीत ते पुन्हा कधी बसले नाहीत. चार महिन्यांनी, दुपारी जेवून खुर्चीत बसले असताना, हार्ट अटॅकनं गेले.

विलास आला होता. कुणी कळवलं माहीत नाही. तो काही न विचारता पुढे झाला आणि त्यानं बाबांना खांदा दिला. सगळं झाल्यावर त्यानं मला लांबूनच हात जोडले. तेव्हाही मी काही बोलले नाही. ज्या दोन घरांना मी तो चोर आहे असं सांगितलं होतं, ती माणसं तिथेच उभी होती. त्यांच्यासमोर दोन वाक्यं बोलायला मला किती वेळ लागला असता?

तेराव्याला मालतीबाई आल्या. सुनेला घेऊन, वेसाव्याहून रिक्षानं. सोफ्यावर बसायला तयार नव्हत्या, मी खुर्ची दिली. त्यांनी माझा हात हातात घेतला, तो सोडलाच नाही.

"गारी बिघरली होती ना गो तुमची?" त्यांनी विचारलं. "रातचे फोन करायचे ते. दर बुधवारी. म्हनायचे, मालतीबाई, लेकीची गारी गॅरेजला हाय. आली की येतो."

चार महिने. दर बुधवारी. बाजूच्या खोलीत बसून, मला ऐकू येणार नाही अशा आवाजात, ते माझ्यासाठी खोटं बोलत होते.

"एवरी मोठी गारी," त्या म्हणाल्या, "चार महिने दुरुस्त नाय झाली?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही मावशी. एक पार्ट बाहेरून मागवायचा होता. तो लवकर येत नव्हता."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. मग त्या चहा प्यायल्या, आणि सुनेनं हात दिल्यावर उठून गेल्या.