आधी हिच्यावर करून बघा

"हिचा डावा हात बांधा," साहेब म्हणले.

देशमुखाच्या गड्यानं माझा हात पाठीमागं ओढला आन् सुतळीनं कमरेला आवळला. गडी म्हणजे माझा बाप. त्यांच्याकडं सालगडी होता. गाठ मारताना त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई.

"आता उजव्या हातानं लिही."

मी डावरी, मला जमलं न्हाई. साहेबांनी छडीचं टोक माझ्या बोटावर दाबलं. माझ्या अंगाला त्यांचा हात लागू नये म्हणून छडी. आमचं घर गावाबाहेर होतं ना.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. परतूरजवळचं आमचं गाव. शाळेत मी दाराबाहेर बसायची. देशमुखाचे बाळासाहेब आत, मास्तरांच्या शेजारी. दोघांना रोग एकच. अक्षर डोळ्यापुढं थांबायचंच न्हाई. 'भ' चा 'म' व्हायचा, 'घ' चा 'ध'. ध्यान उडायचं. बाळासाहेबाला मास्तर म्हणायचे, "मालक, जरा इकडं लक्ष द्या." मला म्हणायचे, "ढोराच्या पोटची." मंग छडी.

देशमुखानं पोरासाठी हैदराबादेहून साहेब आणला. विलायतेत शिकून आल्ता. अशा लेकरांना वाचायला कसं शिकवावं, ह्याचाच शोध करून राह्यलो म्हणायचा. उपाय पुष्कळ होते त्याच्याजवळ. कोणता लागू पडतो, ते त्यालाही ठाऊक न्हाई.

देशमुख म्हणला, "माझ्या पोराला तरास नको. आधी हिच्यावर करून बघा."

मंग रोज सकाळी मी त्यांच्या अंगणात. हात बांधून झालं. मंग उपाशी ठेवून बघितलं. पोट रिकामं असलं की ध्यान लागतं, असं साहेबाला वाटायचं. मी भोवळ येऊन पडले. साहेब म्हणले, "हे न्हाई चालत." देशमुखीणबाईनं वरून, लांबूनच भाकर टाकली. मंग भिंतीकडं तोंड करून उभं केलं, डोक्यावर पाटी देऊन. पाटी पडली की पायावर छडी. मी गुरावाणी उभी.

शेवटी ओली माती आणली. साहेबानं काडीनं मातीत हे एवढं मोठं अक्षर कोरलं. म्हणले, "बोट फिरव. तोंडानं मोठ्यांदा म्हण."

मी बोट फिरवलं. 'भ.' परत फिरवलं. परत म्हणले. मातीतलं अक्षर पळालं न्हाई. ते बोटात शिरलं, बोटातून डोक्यात गेलं. 'म' वेगळा लागला बोटाला. बिलकुल वेगळा. मला रडू आलं. साहेब खूष झाले. माझ्यावर न्हाई, उपायावर.

त्याच दिवशी बाळासाहेबासाठी नवी माती चाळून आली. त्याला गादी, दुधाचा पेला. साहेबानं त्याचं बोट आपल्या हातात धरलं आन् फिरवलं. मला म्हणले, "तुझं काम झालं. जा." पण मी गेले न्हाई. गोठ्याच्या आडोशाला बसून जमिनीवर अक्षरं गिरवत राह्यले. बाळासाहेब जे जे शिकला, ते ते मी शिकले.

मंग देशमुखानं बैठक भरवली. तहसीलदार आल्ता, परतूरचे वकील आल्ते. साहेबाला आपली विद्या दाखवायची होती. त्यासाठी मला परत बोलावलं. देशमुख लांबूनच, दबक्या आवाजात म्हणला, "तुला विचारतील. म्हणायचं, मला वाचता येत न्हाई. समजलं?"

बाळासाहेबानं पुस्तकातल्या चार ओळी वाचल्या. सगळे वाहवा करू लागले. साहेब उठून म्हणले, "आता ही पोरगी बघा. तसलंच डोकं. हिच्यावर काहीच उपाय केला न्हाई." आन् पुस्तक माझ्यापुढं खाली ठेवलं. "वाच बरं."

काहीच केलं न्हाई? मनगटावर सुतळीचा वळ होता. पायावर छडीचे वळ होते. सगळे बघत होते, बाप दारात उभा होता.

मी वाचलं. त्याच चार ओळी, बराबर.

"पाठ केलं असंल ऐकून," साहेब म्हणले.

मी पान उलटलं. ते बाळासाहेबानं वाचलंच नव्हतं. बोट ठेवून, अडत अडत, पण वाचलं. मंग म्हणले, "आधी माझ्यावर केलं. मंग त्याच्यावर. हात बांधून केलं, उपाशी ठेवून केलं."

तहसीलदारानं विडा मागवला.

दुसऱ्या दिवशी बापाला कामावरून काढलं. शाळेनंही मला दारातून हाकललं. देशमुखाचा निरोप आला. पोरीनं चारचौघात येऊन म्हणावं, मला वाचता येत न्हाई, मी खोटं बोलले. मंग बापानं जल्दी कामाला यावं.

बाप म्हणला, "जा, म्हण एकदा. तोंडानं म्हणलं तर काय जातं?"

"न्हाई म्हणणार."

त्यानं मला जोड्यानं मारलं. माय मधी पडली, तिलाही लागलं. मी म्हणलं न्हाई ते न्हाईच.

आम्ही गाव सोडलं. जालन्याला माय जिनिंगात लागली. कापसाचा भुगा छातीत बसला. खोकून खोकून गेली. तिला माती देऊन आल्यावर बाप म्हणला, "एक वाक्य म्हणली असतीस, तर माय जिती असती."

ते खरंही असंल. मला रडू आलं, तरी मी त्याच्याकडं सरळ बघितलं.

"मला वाचता येतं," मी म्हणले. "येत न्हाई असं मी कुणासाठीच म्हणणार न्हाई. तुझ्यासाठी न्हाई. मेलेल्या मायसाठीबी न्हाई."